सडा : एक कातळ, एक लेन्स (कामाच्या नोंदी)

१२ एप्रिल २०२५, शनिवार

हद्द ठरली. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावाच्या वरचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), त्याबाहेर जायचं नाही. लेन्स एकच, १५० मिमी. कॅमेरा ४×५ इंचाचा, घडीचा, लाकडी. फिल्म कृष्णधवल, इल्फोर्डची एफपी४ प्लस.

आज कॅमेरा पिशवीतून काढला नाही. पुठ्ठा घेऊन फिरले. पुठ्ठ्यात निगेटिव्हच्याच मापाची खिडकी कापली आहे. ती डोळ्यापासून लेन्सच्या फोकल लांबीइतकी, म्हणजे १५० मिमीवर धरली की आतून जेवढं दिसतं तेवढंच निगेटिव्हवर येतं. अंतर चुकू नये म्हणून तेवढा दोरा बांधून टोकाला गाठ मारलीय. गाठ गालाच्या हाडाला टेकवायची की झालं. ट्रायपॉड उभारायला दहा मिनिटं लागतात आणि एकदा उभारला की माणूस तिथून हलायचा कंटाळा करतो. पुठ्ठ्याला तो आळस नाही.

सडाच का, हे एकदा लिहून टाकते, कारण घरी सगळे विचारतात. कोकणात कॅमेरा घेऊन आलेला माणूस सडा ओलांडून समुद्राकडे पळतो. इथे जांभ्याचा काळा पडलेला कातळ, वाळलेलं गवत, मध्येच एखादा गडगा (दगड रचून केलेली कुंपणाची भिंत) आणि पलीकडे हापूसची कलमं. उभं असं काहीच नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचलं की कुठे उभं राहायचं ते कडाच सांगतो, आणि आपल्या आधी शेकडो जण तिथेच उभे राहून गेलेले असतात. सड्यावर दोन पावलं सरकलं की चौकट बदलते, पण त्यातली बरी कुठली हे जागा काही सांगत नाही. मला नेमकी अशी मुकी जागा हवी होती.

फिल्म वापरली की काम आपोआप सावकाश होतं असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. फिल्मने चूक महाग होते, एवढंच. महाग चुका घाईघाईने करणारे मी पुष्कळ पाहिलेत. उलट डिजिटल कॅमेऱ्यावर दिवसाला एकच फोटो काढणारी माणसंही आहेत. मी ४×५ वापरते ते लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी झुकवता येते म्हणून. सपाट जमिनीवर त्याचा उपयोग किती, ते पावसाळ्यात कळेल.

एक गंमत. सूर्य कुठून उगवेल ते पाहायला होकायंत्र काढलं, तर कातळशिल्पापाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृतीपाशी, सुई भलतीकडेच. इथल्या सुई भरकटण्याबद्दल ऐकून होते. फोनमधलं होकायंत्रही चुंबकीयच, म्हणजे तेही बाद. नकाशावर रेघ मारून दिशा काढली आणि क्षितिजावरच्या एका झाडाशी ती जुळवून ठेवली.

७ मे २०२५, बुधवार

मुद्दाम हा आठवडा धरला. या अक्षांशावर सूर्य ६-७ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर. गडग्याची सावली गडग्यातच शिरली आणि कातळावर कोरलेली मनुष्याकृती डोळ्यांदेखत विरघळली. मी तिच्यापासून चार हातांवर उभी, आणि डोकं कुठे नि खांदा कुठे हे शोधावं लागत होतं. चर काळी, कातळही काळा. आकृती दिसते ती केवळ सावलीच्या जोरावर. दुपारचा हा फोटो काढला नाही, पण सकाळचं गणित समजायला ही दुपार बघणं गरजेचं होतं.

गणित असं. सूर्य क्षितिजापासून सात अंशांवर असताना दोन सेंटिमीटर खोल चरीच्या काठाची सावली सोळा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे सूर्याला आडवी असलेली चर अंधाराने काठोकाठ भरते. इथे सूर्य तासाला साधारण चौदा अंश चढतो. तेव्हा हाताशी अर्धा तास. त्यानंतर चरीच्या तळाला ऊन लागायला लागतं आणि रेषा बारीक होत जाते. सूर्याच्या दिशेनेच गेलेल्या चरी मात्र त्या अर्ध्या तासातही फिकटच राहतात. त्यामुळे आकृतीचा कुठला भाग कुठल्या महिन्यात उठेल हे सूर्योदयाच्या जागेवर ठरतं, आणि ती जागा वर्षभरात ईशान्येच्या अंगापासून आग्नेयेच्या अंगाकडे चांगलीच सरकते. डिसेंबरात हीच आकृती वेगळी दिसणार.

अर्ध्या तासात हळू काम करायचं म्हणजे उगाच रेंगाळायचं नाही. काल संध्याकाळीच ट्रायपॉड लावून चौकट पक्की केली, फोकस केला, पायांच्या जागी बाहेरून आणलेले तीन खडे ठेवले (आकृतीच्या बाहेर, आत पाऊल टाकायचं नाही हे स्वतःला बजावलेलं आहे). आज सकाळी फक्त उजेड मोजायचा होता. चरीतल्या सावलीचा स्पॉट मीटरने (एका ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजणारं यंत्र) आकडा घेतला, त्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेड दिला, म्हणजे सावली काळी राहते पण तिच्या आतला खरखरीतपणा जात नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देणाऱ्या झोन पद्धतीत याला झोन तीन म्हणतात. बाकी सगळं काल झालं होतं, म्हणून आज मधला बराच वेळ नुसतं उभं राहून बघता आलं.

रेषा उठून दिसाव्यात म्हणून चरीत खडू नाहीतर चुना भरणारे महाभाग असतात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आता तरी हा प्रकार थांबावा. सकाळी अर्धा तास लवकर उठलं तर चुन्याचं काम ऊन करतं.

२८ मे २०२५, बुधवार

पावसाने मेमध्येच गाठलं. मुंबईत मोसमी पाऊस २६ मेला दाखल झाल्याचं जाहीर झालं. इकडे त्याच्या आधीच धार लागली होती. कोरड्या सड्याची यादी अर्धीच राहिली. ती पुढच्या वर्षी.

लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. कॅमेऱ्याचं लाकूड फुगून स्क्रूही घट्ट झालेत.

१५ जून २०२५, रविवार

सडा ओळखू येत नाही. खडकाच्या प्रत्येक खळग्यात पाणी, कडेला हिरवी रेघ, आणि सगळीकडे पाणी कुठून तरी कुठे तरी चाललेलं. टिटव्यांनी डोकं उठवलंय. त्यांची अंडी उघड्या कातळावरच असतात, त्यामुळे पाय बघून टाकावा लागतो.

पुठ्ठ्यातून एक डबकं फार आवडलं. लांबट, पूर्वेकडे निमुळतं होत गेलेलं, टोकापाशी गडग्याची कोसळलेली बाजू. त्याच्याभोवती मी बराच वेळ घिरट्या घालत होते. गुरं घेऊन येणारे काका छत्रीच्या दांड्यावर रेलून बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, ह्या डबक्याचं काय घेऊन बसलात? हे गणपती झाले की आटतं. वरच्या अंगाला आहे ना, ते दिवाळीपर्यंत ऱ्हातं. गुरं तिथंच पितात.”

“आणि वारा कधी पडतो, काका?”

“आता कशाचा पडतोय. नवरात्र जाऊ दे. मग सांजचा पडतो, दिवा लावायच्या टायमाला.”

या दोन वाक्यांनी माझा निम्मा प्रकल्प ठरला. पाण्यात आभाळ हवं असेल तर पाणी स्थिर हवं. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा थांबतच नाही, पाण्यावर सतत शहारा. परतीच्या पावसाच्या दिवसांत मात्र दुपारी घाटावर ढगांचे मनोरे चढतात, ते इथून पूर्वेला दिसतात. आणि सूर्यास्तानंतर समुद्राकडून येणारा वारा थांबून जमिनीकडचा सुटायच्या आत थोडा वेळ काहीच हलत नाही. तेव्हा फोटो ऑक्टोबरातला, संध्याकाळचा, वरच्या डबक्यावरचा. आज जूनमध्ये फक्त उभं राहायची जागा शोधायची.

ती सापडली. कॅमेऱ्याची उंची १.२ मीटर. त्याहून वर गेलं की डबकं पसरतं आणि गडगा आभाळातून खाली उतरतो. खाली बसलं तर पाण्याची नुसती पट्टी उरते. वहीत चित्र काढलं, जवळच्या कातळातली एक भेग खूण म्हणून धरली.

१६ जून २०२५, सोमवार

हे सविस्तर लिहिते, कारण रात्रभर डोक्यात हेच चाललं होतं.

सपाट जमीन पायापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट हवी असेल तर लेन्स पुढे झुकवतात. झुकवली की फोकसचं प्रतल (ज्या सपाटीवर सगळं धारदार येतं ती) उभं राहायचं सोडून आडवं होतं. ते जमिनीवर बसवायला किती अंश लागतील याचा हिशेब सोपा आहे: फोकल लांबी भागिले कॅमेऱ्याची उंची, आणि जो आकडा येतो ती त्या कोनाची ज्या (साइन). १५० मिमी भागिले १२०० मिमी म्हणजे ०.१२५, म्हणजे सात अंशांहून जरासं जास्त. एवढ्याशा झुकवण्याने घाशीव काचेवर समोरचा दगड आणि लांबचा गडगा एकदम धारदार होतात. ४×५ मी याच्यासाठीच घेऊन आले होते.

पण डबक्यातलं आभाळ कातळाच्या पातळीवर नसतं. पाण्यात दिसणारा ढग फोकसच्या दृष्टीने ढगाइतकाच लांब असतो. तीन मीटरवरच्या पाण्यात दिसतो म्हणून तो तीन मीटरवर येत नाही. फोकस जमिनीवर आडवा घातला की कातळ धारदार आणि त्याच्याच मधला ढग पुसट. म्हणजे ज्या सोयीसाठी हा कॅमेरा आणला ती सोय नेमकी या फोटोत उपयोगाची नाही.

खात्री करायला अंगणात परातभर पाणी ठेवलं आणि कॅमेरा लावला. परातीच्या काठावर फोकस केला तर पाण्यातला माड धूसर. माडावर फोकस केला तर काठ गेला. आईने दोनदा विचारलं, परात कधी मोकळी होणार.

मग दुसरी वाट. लेन्स सरळ ठेवायची आणि छिद्र एफ/४५ पर्यंत बारीक करायचं. ४×५ च्या नेहमीच्या हिशेबाने तेव्हा फोकस पाच मीटरवर ठेवला की अडीच मीटरपासून अनंतापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं, कातळ आणि पाण्यातला ढग दोन्ही. एवढ्या बारीक छिद्राने विवर्तन होऊन (उजेड छिद्राच्या कडेला पसरून) कडा किंचित मऊ होतात, पण एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर ते खपतं. अट एकच: चौकटीतलं सर्वांत जवळचं काही अडीच मीटरच्या आत नको. म्हणजे काल शोधलेली जागा दोन पावलं मागे. मागे गेल्यावर गडगा लहान होतो, हे मला आवडलेलं नाही. पण ढग पुसट होण्यापेक्षा ते बरं.

२० जुलै २०२५, रविवार

११ जुलैला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात विजयदुर्गही आहे. ओळखीचे सगळे तिकडे निघालेत, मलाही बोलावणं होतं. गेले नाही. सड्यावर धुकं आणि आडवा पाऊस, छत्री उलटी. फिल्मची एकही शीट उघडली नाही. पाणी कुठल्या वाटेने व्हाळाला (ओढ्याला) मिळतं ते वहीत काढलं.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

फुलं. सीतेच्या आसवांचे जांभळे पट्टे पाणथळ भागात, गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा रंग. कासला या दिवसांत तिकीट काढून गर्दीतून चालावं लागतं; इथे मी आणि काकांची गुरं.

कृष्णधवल फिल्मवर हे टिपणं वेडेपणाचं वाटेल, आणि रंगीत फिल्म आणायचा मोह झालाही. पण फुलांचा रंग मला नको आहे; फुलं कुठे थांबतात ती कड हवी आहे. सीतेची आसवं उथळ, ओलसर मातीच्या थराबरोबर पसरतात आणि जिथे कातळ उघडा पडतो तिथे संपतात. जून-जुलैत वहीत काढलेल्या पाण्याच्या वाटांवर कागद ठेवला तर आजचे जांभळे पट्टे जवळपास त्याच रेघांवर बसतात. पावसाचा नकाशाच उगवून आलाय.

अडचण करड्या छटांची. साध्या फिल्मवर जांभळं आणि हिरवं जवळजवळ सारख्याच करड्यात उतरतात. पिवळसर-हिरवा फिल्टर लावला की गवत उजळतं आणि जांभळं गडद होतं, पट्टे वेगळे होतात. फिल्टरने एक स्टॉप खाल्ला, त्यात वारा. गेंदाची डोकी एका जागी राहीनात. छिद्र मोठं केलं, आणि इथे मात्र ती लेन्स झुकवायची युक्ती कामी आली, कारण पट्टे जमिनीलगतच आहेत. एफ/११ वर सगळा पट्टा धारदार, वेळ १/३० सेकंद. जूनमधल्या परातीच्या खटाटोपाचा हा फायदा: कुठे झुकवायची आणि कुठे नाही याचा विचार इथे करावा लागला नाही.

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

गवत सोनेरी, कापणीला आलेलं. खालचं लांबट डबकं आटलंय, तळाला नुसती भेगाळलेली माती. वरचं भरलेलं. काकांचा हिशेब बरोबर.

चार वाजता जाऊन कॅमेरा लावला. भेगेची खूण सापडली, तिच्यामागे दोन पावलं. फोकस पाच मीटर, एफ/४५. मग सहा वाजेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. लोक याला वाट पाहणं म्हणतात आणि फार काव्यमय करून सांगतात. खरं म्हणजे ते कंटाळवाणं असतं, डास असतात, आणि बाजूला दुसरा एखादा फोटो दिसला की कॅमेरा उचलायचा हात शिवशिवतो. आज पश्चिमेला उन्हाचा चांगला तिरीप होता. उचलला नाही.

घाटावरचा ढग साडेपाचला वर चढला. सूर्य बुडाल्यावर खालचा भाग निळा-करडा झाला आणि माथा अजून उजेडात. पाण्यावरचा शहारा एका कडेने विझत आला. मीटर सहा सेकंद सांगत होता. एवढ्या मोठ्या वेळेला फिल्मची संवेदनशीलता घटते; एफपी४ साठी मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा, म्हणजे सहाचे साधारण दहा. वहीत तक्ता आहेच, तीस सेकंदांचे सत्तर होतात इथपर्यंत. दहा सेकंद दिले. मध्येच गुरं पाण्यावर आली, चौकटीतून आरपार गेली. शटर उघडाच होता.

गुरं गेल्यावर पाणी हललेलं, मग अंधार. दुसरी संधी नव्हती.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

डेव्हलपिंग. नळाचं पाणी २८ अंश, हवं २०. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरून ट्रेच्या बाहेरच्या पाण्यात सोडला. रसायनात बर्फ टाकला तर ते पातळ होतं. आयडी-११ डेव्हलपर, पाण्याशी एकास एक, ११ मिनिटं. पावसाळ्यातल्या सपाट उजेडाच्या शीटना १४ मिनिटं दिली, म्हणजे उजेड-सावलीतला फरक थोडा ताणला जातो. मेमधल्या कातळशिल्पाला उलट, वेळ कमी केली.

डबक्याची निगेटिव्ह चांगली आहे. कातळाचा खरखरीतपणा आणि पाण्यातला ढग दोन्ही मिळाले. लहान झालेला गडगा आता खुपत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

कॉन्टॅक्ट प्रिंट भिंतीवर लावून आठवडाभर जाता-येता पाहिले. ४×५ चा हा एक आळशी फायदा: निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून छापली तरी हातात धरण्याजोगा फोटो होतो, मोठा करायची गरज नाही. फुलांच्या फोटोंतला एकच ठेवला, जिथे पट्टा व्हाळाकडे वळतो तो. बाकीचे सुंदर आहेत, पण सप्टेंबरात कुठल्याही सड्यावर मिळतील असे. चिरेखाणीच्या कडेचा एक आत आला. नारिंगी फिल्टरने ताजा कापलेला लाल चिरा जवळजवळ पांढरा उतरलाय आणि वरचा जुना कातळ काळाच राहिलाय, त्यामुळे साल आणि आतला गर वेगळे दिसतात.

डबक्याचा प्रिंट काकांना द्यायला गेले. त्यांनी तो चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून पाहिला.

“पाणी झकास आलंय. पण ताई, माझी गुरं कुठायत?”

दहा सेकंदांत चालत गेलेलं जनावर फिल्मवर राहत नाही. पाण्याच्या कडेला एक फिकट धूर आहे, तीच ती. हे त्यांना सांगितलं. त्यांना पटलं, पण आवडलं नाही. म्हणाले, “मग त्या सड्यावर कोण येतं ते लोकांना कळणार कसं? नुसता दगड वाटेल.”

भिंतीवरचा सगळा संच पुन्हा पाहिला. कातळशिल्प सोडलं तर कुठेही माणूस नाही, जनावर नाही. सावकाश काम करायच्या नादात जे हळू हलतं तेवढंच उरलं होतं: पाणी, गवत, सावली. गडगे कोणी रचले, गवत कोणी कापलं, चिरे कोणी काढले, त्यांचा पत्ताच नाही.

पुढच्या हंगामासाठी फिल्म बदलते. एचपी५ प्लस, ४०० ची, म्हणजे कमी वेळात उजेड टिपणारी. ढगाळ पण उजळ दिवशी एफ/१६ ला १/१२५ सेकंद मिळतो, लेन्स सात अंश झुकवून कातळही सांभाळता येईल, आणि गुरं जागच्या जागी थांबतील. पाण्यात ढग नको, म्हणजे ती जुनी अडचणही नाही. उभं राहायची जागा गुरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर शोधायची आहे; काकांनी डिसेंबरात गवताचे भारे खाली नेऊन झाले की सवडीने ये म्हणून सांगितलंय.